ठोकर लागली, आता उभं कुठे राहायचं?

गेल्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळी सातची वेळ, धो धो पाऊस, पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. मीही मारला. माझ्या मागच्या गाडीचा मात्र वेळेत लागला नाही. धप्पकन आवाज झाला, मागच्या सीटवर सासूबाई "अगं बाई!" म्हणाल्या आणि पर्समधली चिल्लर पायाशी सांडली. कुणाला लागलं नव्हतं. मी पट्टा सोडला, उजवीकडचं दार उघडलं आणि वाहत्या रस्त्याच्या मधोमध खाली उतरले. एक मोटारसायकल दाराला जवळजवळ घासून गेली. तरी मी मागे गेले, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उभी राहिले आणि रस्त्याकडे पाठ करून बंपरचा चेपलेला कोपरा बघू लागले. मागच्या गाडीतले गृहस्थही तिथेच आले. चूक कुणाची, यावर आमची बाचाबाची सुरू झाली.

पाच-सात मिनिटांनी रेनकोट घातलेला वाहतूक हवालदार पळत आला. "ताई, आधी गाडी कडेला घ्या. काय भांडायचं ते तिकडे भांडा." मला त्याचा रागच आला होता. नंतर शांतपणे विचार केला, थोडं वाचलं, तेव्हा कळलं की त्या संध्याकाळी आमच्यापैकी शुद्धीवर असलेला तो एकटाच होता. त्या पाच-सात मिनिटांची आठवण झाली की आजही पोटात गोळा येतो.

किरकोळ अपघातानंतर काय करायचं याबद्दल आपल्याकडे सगळे सल्ले पोलीस, विमा आणि नुकसानभरपाईचे असतात. त्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. हा लेख मुख्यतः त्या दहा मिनिटांबद्दल आहे.

भीती दुसऱ्या धडकेची

एक अपघात झाला, गाड्या रस्त्यात थांबल्या, माणसं खाली उतरली आणि मागून येणारं वाहन त्या घोळक्यात घुसलं, तर त्याला दुय्यम अपघात म्हणतात. नाव दुय्यम असलं तरी अनेकदा जीव जातो तो यातच. पहिल्या धडकेच्या वेळी तुम्ही पट्टा लावून लोखंडी पेटीत बसलेले असता. दुसरीच्या वेळी तुम्ही रस्त्यावर उभे असता आणि अंगावर फक्त कपडे असतात.

५ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर हेच झालं. आधी एक अपघात झाला होता. जखमींना न्यायला रुग्णवाहिका आली होती, मदतीला माणसं उतरली होती, गाड्या थांबल्या होत्या. मागून भरधाव आलेली एक मोटार थेट त्यांच्यावर आदळली. ५ जण गेले, त्यात मदतीला आलेले सेतूवरचे कर्मचारीही होते. पुढच्याच वर्षी, २० जुलै २०२३ च्या पहाटे, अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर अपघात बघायला जमलेल्या गर्दीत मोटार शिरली आणि ९ जण दगावले.

आपण रोज ज्या रस्त्यांवरून जातो तिथेही हे घडू शकतं. वेग, अंधार आणि पाऊस यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तरी पुरे.

पण एवढी मोठी गाडी मागच्याला दिसत कशी नाही?

दिसते. ती थांबलेली आहे, हे त्याला उशिरा कळतं.

दादरला फलाटाच्या टोकाशी उभं राहून येणाऱ्या लोकलकडे बघा. लांबून फक्त दिवा दिसतो. गाडी येतेय की सिग्नलला उभी आहे, हे बराच वेळ सांगता येत नाही. मग एकाएकी तो दिवा मोठा होऊ लागतो आणि बघता बघता गाडी फलाटात शिरते. आपल्याकडे सरळ रेषेत येणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्यांना ती मोठी होत जाण्यावरूनच कळतो, आणि ते मोठं होणं शेवटच्या काही क्षणांत जाणवतं. महामार्गावर थांबलेल्या गाडीचे मागचे लाल दिवेही असेच फसवतात. मागून येणाऱ्याला वाटतं, चाललीय पुढे आपल्यासारखीच.

आता थोडं गणित. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. लोकलचा एक डबा साधारण २० मीटरचा, म्हणजे दर सेकंदाला एक डबा मागे पडतो. समोरचं संकट लक्षात येऊन पाय ब्रेकवर जायला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात दीड डबा संपला आणि गाडीचा वेग अजून जराही कमी झालेला नाही. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर तरी लागतात. ओल्या रस्त्यावर, त्यातून टायर झिजलेले असतील तर, बरेच जास्त. एकूण हिशेब कोरड्यात साडेतीन डब्यांचा आणि पावसात चार-पाच डब्यांचा होतो. मी बंपर बघत उभी होते तिथून मागे चार डब्यांच्या अंतरावर काय चाललंय, हे मला पावसात दिसतही नव्हतं.

दोन गाड्यांच्या मधली जागा तर सगळ्यात वाईट. तिसरी गाडी मागच्या गाडीवर आदळली की ती पुढे ढकलली जाते आणि मधल्या माणसाचे पाय दोन बंपरांत सापडतात. गाडीची डिकी उघडायलासुद्धा चालू रस्त्यात मागे जाऊ नये ते याचसाठी.

"गाडी हलवली तर पुरावा जाईल"

हा आक्षेप प्रत्येक जण घेतो, मीही घेतला होता. कुणाला इजा झालेली नाही, गाडी चालतेय, तर ती तिथेच ठेवण्यात काही शहाणपण नाही. पुरावा तुमच्या खिशात आहे. बसल्या जागेवरून काचेतून दोन-तीन फोटो काढा: समोरच्या गाडीची नंबर प्लेट, दोन्ही गाड्या रस्त्याच्या कुठल्या पट्ट्यात आहेत, आणि आजूबाजूची एखादी ओळखू येणारी खूण, पाटी किंवा खांब. याला अर्धा मिनिट पुरतो. समोरचा पळून जाईल ही भीतीही नंबर प्लेटच्या फोटोने निम्मी होते. मग हाताने कडेची खूण करा आणि गाडी घ्या. चेपलेल्या पत्र्याचे जवळून फोटो कडेला गेल्यावर हवे तेवढे काढता येतात.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा जागी गाडी उभी ठेवणं हाच गुन्हा आहे. मात्र कुणाला गंभीर इजा झाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पोलीस येईपर्यंत गाड्या आहेत तिथे राहू द्याव्यात. जखमीला बाहेर काढण्यासाठी किंवा आणखी धोका टाळण्यासाठी हलवावीच लागली, तर आधी फोटो.

कडेला म्हणजे किती कडेला? पुलाच्या चढावर, वळणाच्या लगेच पुढे किंवा बसथांब्याच्या तोंडाशी थांबून उपयोग नाही. गाडी रडतखडत चालत असेल तरी दोनशे-तीनशे मीटर पुढे सर्व्हिस रोडचा फाटा, पेट्रोल पंप किंवा रुंद जागा असेल तिथवर न्या. फाटलेला बंपर आणखी फाटला तरी चालेल.

गाडी हलतच नसेल तर

पहिलं काम हॅझर्डचं. डॅशबोर्डवरचं लाल त्रिकोणाचं बटण दाबलं की चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात, तोच हॅझर्ड. पण आपल्याकडे त्याची एक अडचण आहे आणि ती आपणच करून ठेवली आहे. पाऊस जरा वाढला की निम्मे लोक हॅझर्ड लावून गाडी चालवतात. त्यामुळे खरोखर थांबलेल्या गाडीचे दिवे लुकलुकताना दिसले तरी मागच्याला वाटतं, हा पावसातला आणखी एक. चालत्या गाडीत हॅझर्ड लावू नका, ही माझी मनापासून विनंती आहे. पावसात साधे दिवे लावले की पुरतं.

म्हणूनच गाडीबरोबर येणारा लाल चकाकता त्रिकोण लागतो. तो पाहिला की ही गाडी उभी आहे याबद्दल शंका उरत नाही. शहरातल्या रस्त्यावर तो गाडीच्या मागे साधारण ५० मीटरवर ठेवा, म्हणजे सत्तरएक पावलं. वेगवान रस्त्यावर आणखी लांब. नेताना त्रिकोण अंगासमोर, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून धरा, आणि शक्यतो कठड्याच्या पलीकडून चाला. पूर्व मुक्त मार्गासारख्या उन्नत रस्त्यावर चालायला कडेला जागाच नसेल, तर त्रिकोणाचा नाद सोडून द्या. तो ठेवताना जीव गेला तर काय उपयोग?

माझा त्रिकोण कुठे होता सांगते. डिकीत, सीएनजीच्या सिलिंडरच्या मागे. आणि मागून धडक बसल्यामुळे डिकी उघडतच नव्हती. मुंबईत कितीतरी गाड्यांची हीच परिस्थिती असणार. आता तो माझ्या सीटखाली असतो.

उतरायचं असेल तर सगळ्यांनी डावीकडून उतरावं. डावीकडूनही मोटारसायकली घुसतात, तेव्हा दार उघडताना दाराच्या लांबचा हात वापरा. डाव्या दाराला उजवा हात. असं केलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. टॅक्सीतून उतरताना मुलांनाही ही सवय लावावी. उतरल्यावर कठड्याच्या पलीकडे जा, आणि गाडीच्या पुढे उभे राहू नका, कारण धडक बसली तर गाडी पुढेच ढकलली जाणार. गाडीच्या मागच्या बाजूला, रस्त्यापासून आत, येणाऱ्या गाड्या दिसतील अशी जागा धरा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात पाय टाकू नका. खाली गटाराचं झाकण आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

पुलांवर आणखी एक गोष्ट. कठड्यापलीकडे जमीन आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उडी मारू नका. दोन दिशांचे पूल शेजारी शेजारी दिसतात, पण कित्येक ठिकाणी त्यांच्यामध्ये फट असते आणि अंधारात ती कळत नाही.

आणि उतरायला वावच नसेल, दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट जात असतील तर? मग आतच बसा. पट्टे लावलेले, डोकं मागे टेकलेलं, हॅझर्ड चालू, आणि ११२ ला फोन. उभं राहायला सुरक्षित जागा असेल तर बाहेर, नसेल तर पट्ट्यासकट आत. रस्त्यात रेंगाळायचं मात्र नाही.

धूर, वास आणि घबराट

एअरबॅग फुटली की गाडीत पांढरट पूड उडते, जळका वास येतो, डोळे चुरचुरतात. ते धुरासारखं दिसतं आणि गाडी पेटली असं समजून माणसं दार उघडून सरळ रस्त्यावर धावतात. मला वाटतं, ही पूड एअरबॅगची असते, आगीची नव्हे, एवढं माहीत असलं तरी एखाद्याचा जीव वाचेल. काच खाली करा, मागे बघा, मग उतरा. बोनेटमधून येणारी पांढरी वाफसुद्धा बहुतेकदा फुटलेल्या रेडिएटरची असते.

खरी काळजी सीएनजीच्या गाडीला मागून धडक बसली असेल तर घ्यायची. सिलिंडर भक्कम असतो, सहसा निसटतात ते पाइप आणि त्यांचे जोड. सगळ्यात आधी चावी बंद करा, त्याने सिलिंडरकडून येणारा गॅसही तोडला जातो. कुजकट वास किंवा फुसफुस आवाज आला तर कुणाला सिगारेट पेटवू देऊ नका आणि सगळे लांब व्हा. हा वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे मोकळ्यावर वर निघून जातो. बोगद्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये तसं होत नाही, तिथून ताबडतोब बाहेर पडा. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या तारा उघड्या दिसल्या तर हात लावू नका. खालून धूर किंवा तडतड आवाज आला तर जवळ थांबू नका.

समोरचा अंगावर आला तर

मी बाई आहे आणि रात्रीची एकटीने गाडी चालवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी कागदावरचा नाही. समोरचा दारावर थापा मारत असेल, चार जण गोळा झाले असतील, तर उतरणं बंधनकारक नाही. दारं लॉक, काच दोन बोटं खाली, आवाज खालचा. "मी पोलिसांना फोन लावलाय, ते आले की बोलू." आणि खरोखर ११२ लावा. मुंबईत महिलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी १०३ ही आहे. तिथे थांबणं धोक्याचं वाटलं तर फोनवर पोलिसांना सांगूनच जवळच्या चौकीकडे किंवा उजेडाच्या जागी गाडी न्या. कायद्यालाही हे ठाऊक आहे. कलम १३४ चालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी टाकतं, पण जमावाच्या रोषामुळे तसं करणं शक्य नसेल तर त्याची सवलतही त्याच कलमात आहे. सवलत तिथून निघण्यापुरती आहे. पोलिसांना कळवावं लागतंच, आणि तेही २४ तासांच्या आत.

गाडीची चावी किंवा मूळ लायसन्स समोरच्याच्या हातात देऊ नका. नाव, पत्ता, गाडीचा नंबर मात्र द्यायलाच हवा.

मोटारसायकलवाला पडला असेल तर

आपल्या शहराचं मन मोठं आहे. माणूस पडला की दहा हात पुढे येतात. त्यातले दोन त्याला उचलून बसवतात, एक हेल्मेट ओढून काढतो आणि एक तोंडाला पाण्याची बाटली लावतो. या तिन्ही गोष्टी टाळायच्या आहेत. मणक्याला इजा असेल तर उचलताना ती वाढते. श्वास अडत नसेल तर हेल्मेट राहू द्या, ओढताना मान वाकते. आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याच्याशी बोलत राहा, हलू नको म्हणा, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा, १०८ ला फोन करा. आणि दोघांनी थोडं मागे जाऊन, कडेवरून, येणाऱ्या गाड्यांना हात करा.

"मदत केली तर पोलिसांच्या लफड्यात अडकू" ही भीती आता बाळगायचं कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४ अ नुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची सक्तीही नाही. खर्चाचंही ऐका. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार कॅशलेस मिळतात.

पैशांचं काय?

याबद्दल थोडक्यात, कारण यातलं काहीच रस्त्यात उभं राहून करायचं नाही. कुणालाही लागलेलं नसेल तर आपसात मिटवता येतं. मिटवलंत तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोघांनी दोन ओळी लिहून ठेवा. कुणाला थोडंही खरचटलं असेल तर रोख देऊन निघून जाऊ नका, पोलिसांत नोंद करा. विमा कंपनीला गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी कळवा. खरचटलेल्या रंगासाठी दावा करण्याआधी मात्र हिशेब मांडा. वर्षभर दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि एका दाव्याने ती हातची जाऊ शकते.

"मला काही झालेलं नाही"

हे वाक्य त्या संध्याकाळी मी किमान दहा वेळा बोलले. अपघाताच्या क्षणी शरीर संकटाला तोंड द्यायला तयार होतं, छाती धडधडते, हात थरथरतात आणि वेदना काही काळ मागे पडतात. त्यामुळे पहिल्या तासात स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवू नये. लगेच स्टिअरिंग हातात घेऊ नये. दुसरं कुणी चालवणारं असेल तर त्याला द्यावी, नसेल तर पंधरा मिनिटं बसावं.

मागून बसलेल्या धक्क्यात मानेचं काय होतं, हे बेस्टच्या बसमध्ये उभं राहून प्रवास केलेल्याला लगेच कळेल. ड्रायव्हरने बस झटक्यात पुढे काढली की पाय बसबरोबर जातात आणि वरचं अंग मागे राहतं. गाडीत सीट तुमच्या पाठीला पुढे ढकलते आणि डोकं मागे राहतं. सगळा हिसका मानेला. दुखणं अनेकदा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. मला तिसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेताना मान वळवताच आली नाही.

मान आखडणं बहुतेक वेळा औषधाने आणि विश्रांतीने जातं. पण डोकं आपटलं असेल आणि नंतर उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, बोलण्यात घोटाळा होऊ लागला, माणूस अवेळी झोपाळला किंवा उठवून उठेना, तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. डोक्यातला रक्तस्राव काही तास चकवतो, मधल्या वेळात माणूस अगदी ठीक दिसतो. पट्ट्याखाली पोट दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तरी तेच. गरोदर बाईने धक्का कितीही हलका असला तरी त्याच दिवशी तपासून घ्यावं. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनीही. सासूबाई ती घेतात. त्या रात्री "मला कुठे काय झालंय" म्हणत होत्या, तरी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. सुदैवाने काही निघालं नाही.

माझ्या मानेवर उपचार करताना डॉक्टरांनी सीटची डोक्यामागची उशी कुठे असते ते विचारलं. मी खाली जाऊन पाहिलं. मानेपाशी होती, गाडी घेतल्यापासून तशीच. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला हवी आणि डोक्यापासून फार लांब नको, तरच धक्क्यात डोकं मागे जाताना ती अडवते. बाजूचं छोटं बटण दाबून ती वर ओढली, मग मागच्या सीटवरची सासूबाईंचीही.